बर्फाळ प्रदेशात छपराची व्हॅली कशी सांभाळावी

छपराची दोन पाखी आतल्या कोनात जिथे मिळतात, तिथे आढ्यापासून वळचणीपर्यंत एक तिरकी, खोलगट घळ तयार होते. तिलाच व्हॅली म्हणतात. एल किंवा टी आकाराच्या घराला ती असतेच, आणि उतरत्या छपरातून बाहेर काढलेल्या दुपाखी छपराच्या खिडकीच्या दोन्ही अंगांनाही असते. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात हिवाळ्यात छत गळू लागले, तर पहिला संशय या घळीचा घ्यावा.

छपराच्या कामात नवे असाल तर एक गोष्ट आधी मनात पक्की करा. शिंगलचे, म्हणजे एकावर एक चढवत बसवलेल्या चपट्या तुकड्यांचे, छप्पर वाहत्या पाण्यासाठी असते, साचलेल्या पाण्यासाठी नसते. वरची शिंगल खालचीवर चढते, पाणी उताराने निघून जाते आणि आत शिरायला त्याला वाट मिळत नाही. तेच पाणी खाली अडले आणि उलटे वर चढू लागले, की प्रत्येक सांधा, प्रत्येक खिळा गळतीची जागा होतो. त्यामुळे व्हॅलीचे काम दोन पातळ्यांवर करावे लागते. पाणी साचणारच नाही अशी व्यवस्था हवी, आणि तरीही साचलेच तर आत येऊ नये असे अस्तर हवे. यातले एकच केले तर काम अर्धे राहते.

पाणी व्हॅलीतच का अडते

घरातली ऊब फटींतून माळ्यावर चढते आणि छपराची प्लाय, म्हणजे शिंगलखालची लाकडी फळी, आतून तापते. वर पडलेल्या बर्फाचा तळचा थर वितळतो. ते पाणी बर्फाखालून सरकत वळचणीशी येते. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली ऊब नसते, म्हणून पाणी तिथे गोठते. असे थोडे थोडे गोठत बर्फाचा बांध उभा राहतो आणि त्याच्यामागे तळे साचते.

हे कुठल्याही पाख्यावर होते. व्हॅलीत ते लवकर आणि जास्त होते, त्याची कारणे सरळ आहेत. पहिले म्हणजे दोन पाख्यांचे पाणी एका रेषेत येते. समजा दोन्ही बाजूंचे मिळून ६० चौरस मीटर छप्पर एका व्हॅलीत उतरते. घनमीटरला १०० किलो भरणारा ३० सेंटीमीटर ताजा बर्फ त्यावर असेल, तर वितळल्यावर त्याचे १,८०० लिटर पाणी होते, आणि ते सगळे त्या एका घळीतून जायचे असते.

दुसरे कारण उताराचे. व्हॅलीचा उतार पाख्यांपेक्षा नेहमीच कमी असतो. १२ इंच आडवे गेल्यावर ६ इंच चढणारी, म्हणजे सुमारे साडेसव्वीस अंशांची दोन पाखी काटकोनात मिळाली, तर व्हॅलीचा उतार जेमतेम साडेएकोणीस अंश भरतो. १२ ला ४ चढणाऱ्या छपराची व्हॅली १३ अंशांवर येते. एवढ्या मंद उतारावर पाणी रेंगाळते आणि बर्फ घसरून पडत नाही.

शिवाय वारा बर्फ उडवून याच आडोशाला आणून टाकतो आणि वरच्या पाख्यांवरून घसरलेला बर्फही इथेच थांबतो. बर्फ स्वतः उष्णतारोधक आहे. थर जितका जाड, तितकी त्याखालची प्लाय बाहेरच्या थंडीपासून झाकलेली आणि आतल्या उबेने तापलेली राहते. म्हणून बाकीचे छप्पर गोठलेले असतानाही व्हॅलीच्या तळाशी पाणी वाहत असू शकते.

आधी पाहणी, मग खर्च

बर्फ पडून गेल्यावर एक-दोन दिवसांनी जमिनीवरूनच छपराकडे नीट पाहा. बाकी छप्पर पांढरे आणि एखादा तुकडा उघडा पडलेला दिसला, तर त्याच्याखाली ऊब गळते आहे. पन्हळीच्या कडेला लोंबणारे थोडे बर्फाचे लोलक फारसे काही सांगत नाहीत. लोलक सॉफिटच्या, म्हणजे वळचणीखालच्या झाकणाच्या, फटींतून किंवा भिंतीवरून निघालेले असतील, तर पाणी आधीच छपराच्या आत शिरले आहे असे समजा.

मग बॅटरी घेऊन माळ्यावर जा. व्हॅलीखालच्या कोनवाशाच्या, म्हणजे तिच्या रेषेत तिरक्या बसवलेल्या मुख्य वाशाच्या, दोन्ही बाजू तपासा. प्लायवर काळे डाग, गंजलेले खिळे, एका रेषेत उतरलेले पाण्याचे ओघळ, खाली दबून चपटे झालेले इन्सुलेशन या खुणा शोधा. खिळ्यांच्या टोकांवर पांढरे दहिवर दिसले, तर घरातली दमट हवा वर येते आहे.

गळतीची वेळही बरेच सांगते. पावसाळ्यातही गळत असेल तर दोष पत्र्याचा किंवा शिंगलचा आहे. छपरावर बर्फ असतानाच आणि दिवसा ऊब वाढल्यावर गळत असेल, तर बर्फाच्या बांधामागे पाणी साचते आहे. एका जागी न गळता बऱ्याच ठिकाणी थेंब पडत असतील, तर बहुतेक वेळा दहिवर वितळते आहे आणि छपरात भोक नाही.

अमेरिकी लष्कराच्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेने न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट ड्रम येथील इमारतींच्या अभ्यासातून एक साधा निकष दिला आहे. बाहेर उणे ५.५ अंश सेल्सिअस असताना माळ्याचे तापमान उणे १ अंशाच्या वर जाता कामा नये. यासाठी साधा तापमापक पुरतो. तो माळ्यात टांगा आणि अशा थंडीच्या दिवशी बघा. आकडा शून्याच्या वर असेल तर छपरावर कितीही खर्च केला तरी बांध होत राहील.

माळा थंड करा

क्रम महत्त्वाचा आहे: आधी फटी, मग इन्सुलेशन, मग वायुवीजन. पुष्कळ जण थेट इन्सुलेशनचे पोते उलटे करतात. फटी तशाच राहतात, गरम दमट हवा त्यातून वर जातच राहते आणि नंतर फटी शोधायला सगळे बाजूला करावे लागते.

फटी कुठे असतात ते ठरलेले आहे. छतातले दिवे, नळाचे आणि विजेचे पाइप वर जातात त्या जागा, आतल्या भिंतींचे माथे, धुरांड्याभोवतीची पोकळी आणि माळ्याचे दार. ६ मिलिमीटरपर्यंतची फट सीलंटने भरा, बोटभर रुंदीची फोमने, आणि त्याहून मोठी ताठ बोर्ड कापून बसवून कडेने फोम मारून. विटांच्या धुरांड्याभोवती फोम चालत नाही. तिथे पत्रा कापून बसवा, उच्च तापमानाचा सीलंट लावा आणि लाकूड किंवा पेटू शकणारे काहीही ५ सेंटीमीटर दूर ठेवा. छतात खोल बसवलेले दिवे इन्सुलेशनने झाकता येतील असे त्यांच्यावर लिहिले असेल तरच झाका. माळ्याच्या दाराला कडेने रबरी पट्टी आणि वरून फोमचा बोर्ड लावा.

न्हाणीघराच्या पंख्याचा पाइप माळ्यात उघडा सोडलेला आढळला, तर तो त्याच दिवशी दुरुस्तीच्या यादीत सर्वांत वर घ्या. तो इन्सुलेशन गुंडाळून थेट बाहेर न्या. सॉफिटमध्ये सोडू नका, कारण तीच वाफ सॉफिटच्या जाळीतून परत आत ओढली जाते. व्हॅलीजवळही काढू नका.

इन्सुलेशनची शिफारस अतिथंड भागांत साधारण आर-४९ ते आर-६० अशी असते. आर म्हणजे उष्णता रोखण्याचे माप, आकडा जितका मोठा तितका रोध जास्त. सुट्या सेल्युलोजमध्ये हे ३५ ते ४५ सेंटीमीटर जाडीने साधते. फुंकून भरलेल्या फायबरग्लासला त्यापेक्षा बरीच जास्त जाडी लागते. भिंतीच्या माथ्यावर, जिथे छप्पर खाली येते, तिथे एवढी जागा नसते आणि ऊब नेमकी तिथूनच वळचणीच्या वर पोहोचते. त्या चिंचोळ्या पट्ट्यात कमी जाडीत जास्त रोध देणारा फोम बोर्ड बसवा आणि वर प्लायला लागून हवेसाठी किमान २.५, शक्य तर ५ सेंटीमीटरचा मोकळा मार्ग ठेवा. यासाठी तयार पन्हळीसारखे बॅफल मिळतात.

वायुवीजनासाठी माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/३०० एवढी मोकळी जागा धरतात, निम्मी सॉफिटला आणि निम्मी आढ्याला. १२० चौरस मीटरच्या माळ्याला एकूण ४,००० चौरस सेंटीमीटर. मोजताना जाळीच्या बाहेरच्या मापावर जाऊ नका, तिच्यावर छापलेले निव्वळ मोकळे क्षेत्रफळ धरा. वर-खाली असा समतोल साधत नसेल तर प्रमाण दुप्पट, १/१५०, लागते.

माळा नसून छत थेट वाशांना लागलेले असेल तर व्हॅलीची अडचण वेगळीच होते. कोनवाशावर टेकलेल्या वाशांना खालच्या टोकाला वळचणच नसते, म्हणून त्यांच्यामधल्या पोकळीत खालून हवा येत नाही. असे बंद कप्पे उन्हाळ्यात कुजतात आणि हिवाळ्यात बर्फ वितळवतात. नवीन बांधकामात प्लायच्या वर पट्ट्या मारून दुसरे छप्पर चढवणे आणि मधल्या पोकळीतून हवा फिरवणे हा उत्तम उपाय आहे. जुन्या घरात प्लायच्या वरून ताठ इन्सुलेशन, किंवा खालून बंद पेशींचा स्प्रे फोम. हवा जावी म्हणून कोनवाशाला भोके मात्र पाडू नका. दोन्ही पाख्यांचा भार त्याच्यावर असतो, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय त्याला करवतही लावायची नाही.

व्हॅलीचे अस्तर: पायरीपायरीने

हे काम छप्पर बदलताना करावे, आणि उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत उरकावे. स्वतः चिकटणारे बिटुमेनचे मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारे डांबरी पटल, साधारण ५ अंश सेल्सिअसच्या खाली नीट चिकटत नाही. प्लाय कोरडी हवी. मेम्ब्रेन निसरडे असते, तेव्हा पट्टा आणि दोर बांधल्याशिवाय वर जाऊ नका.

६ मीटर लांबीच्या व्हॅलीसाठी साहित्य असे: ९१ सेंटीमीटर रुंदीचे मेम्ब्रेन सुमारे ६.६ मीटर, ६० सेंटीमीटर रुंद, मधोमध २.५ सेंटीमीटर उंच घडी असलेला व्हॅलीचा पत्रा ३ मीटरचे ३ नग. दोन नगांनी भागेल असे वाटते, पण ३० सेंटीमीटर एकमेकांवर चढवल्यावर लांबी ५.७ मीटरच भरते. याखेरीज पत्रा धरणाऱ्या क्लिपा, प्रायमर, बिटुमेन सिमेंट आणि दाबायचा रोलर.

१. जुने सगळे काढून प्लायपर्यंत जा, दोन्ही बाजूंना किमान ६० सेंटीमीटर. टोचून बघा, मऊ लागली तर ती प्लाय बदला. वर आलेले खिळे ठोकून सपाट करा, कारण मेम्ब्रेनला खालून भोक पाडतात ते हेच. जुन्या धुळकट लाकडावर प्रायमर लावा.

२. मेम्ब्रेन २ ते ३ मीटरच्या तुकड्यांत कापा. एकट्याने ६ मीटरचा सलग तुकडा सरळ बसवता येत नाही, आणि एकदा तिरका चिकटला की निघत नाही. सर्वांत खालच्या तुकड्यापासून सुरुवात करा. तुकडा मधोमध धरून आधी घळीच्या तळाशी दाबा, मग तिथून बाहेर दोन्ही बाजूंना. बाजूने सुरू केले तर मध्यावर मेम्ब्रेन ताणले जाऊन खाली पोकळी राहते. थंडीत ते आकसते, वर बर्फाचे वजन येते आणि नेमके त्या रेषेवर फाटते. व्हॅलीच्या कामातली सर्वांत महाग पडणारी चूक हीच, आणि वरून शिंगल बसल्यावर ती दिसतही नाही. पुढचा तुकडा खालच्यावर १५ सेंटीमीटर चढवा, सगळीकडे रोलर फिरवा.

३. वळचणीलाही हेच मेम्ब्रेन लागते. ते बाहेरच्या भिंतीच्या आतल्या रेषेपुढे किमान ६० सेंटीमीटर जावे, आडवे मोजून. ६० सेंटीमीटर वळचण, १५ सेंटीमीटर भिंत आणि आतले ६० मिळून आडवे १३५ होतात. १२ ला ६ उतारावर तिरके मोजले तर तेच १५१. म्हणजे ९१ चा एक पट्टा पुरत नाही, दोन लागतात. व्हॅलीचा पट्टा आधी की वळचणीचा, याचा क्रम मेम्ब्रेनच्या वेष्टनावर दिलेला असतो, तो पाळा. कुठलाही सांधा वरच्या बाजूला तोंड करून उघडा राहू नये, हा नियम मात्र सगळीकडे सारखा.

४. पाख्यांवर शिंगलखाली घालायचा नेहमीचा छपराचा कागद मेम्ब्रेनच्या कडांवर किमान १५ सेंटीमीटर चढवा.

५. आता पत्रा, खालून वर. मधली घडी दोन बाजूंच्या प्रवाहांना एकमेकांत घुसू देत नाही. एका पाख्याचे पाणी जोराने आले तरी ते समोरच्या शिंगलखाली चढत नाही. पत्र्याच्या मध्यापासून १५ सेंटीमीटरच्या आत एकही खिळा नको. कडेला क्लिपांनी धरा, म्हणजे पत्र्याला हलायला वाव राहतो. ३ मीटरचा पोलादी पत्रा ६० अंशांच्या फरकात दोन मिलिमीटरहून थोडा अधिक लांबतो, तांब्याचा तीन आणि ॲल्युमिनिअमचा चार. दोन्ही टोकांना घट्ट ठोकलेला पत्रा दोन-चार हिवाळ्यांत फुगून खिळे उपसतो. तांबे वापरले तर खिळे आणि क्लिपाही तांब्याच्याच, आणि तांब्यावरून आलेले पाणी जस्ती पत्र्यावर किंवा ॲल्युमिनिअमच्या पन्हळीत पडू देऊ नका, ती खाल्ली जाते.

पत्र्याखाली उच्च तापमानाचे मेम्ब्रेन घ्या. उन्हाने पत्रा इतका तापतो की साधे मेम्ब्रेन पाघळून ओघळते.

६. शिंगल दोन्ही बाजूंनी पत्र्यावर आणून रेषेत कापा. वरच्या टोकाला पत्र्याची १५ सेंटीमीटर रुंदी उघडी ठेवा आणि खाली येताना मीटरमागे १ सेंटीमीटर वाढवत न्या. यामुळे खाली सरकणारा बर्फ अडकून बसत नाही. कापलेल्या शिंगलचा वरचा कोपरा ४५ अंशांत छाटा, नाहीतर पाणी त्या कडेने आडवे आत जाते. कडेखाली बिटुमेन सिमेंटची ७-८ सेंटीमीटर पट्टी पातळ लावा. जाड थर दिला की फुगे येतात.

उघड्या पत्र्याऐवजी शिंगल एकमेकींत विणून किंवा एका बाजूची दुसरीवर चढवून कापूनही व्हॅली करतात. बर्फाळ भागात उघडा धातूच घ्यावा. विणलेल्या व्हॅलीत जाड शिंगल तळाशी नीट वळत नाहीत, पोकळी राहते आणि खडबडीत पृष्ठभाग बर्फ धरून ठेवतो. कापलेली व्हॅली करायचीच असेल, तर कमी पाणी येणाऱ्या पाख्याची शिंगल आधी टाका, ती मध्यापलीकडे किमान ३० सेंटीमीटर जाऊ द्या, आणि वरची बाजू मध्यरेषेपासून ५ सेंटीमीटर मागे कापा.

व्हॅली धुरांड्याशी किंवा भिंतीशी जाऊन संपत असेल तर नुसता पत्रा पुरत नाही. तिथे पाणी दोन बाजूंना वळवणारा छोटा दुपाखी उंचवटा बांधावा लागतो. व्हॅलीत पाइप किंवा अँटेना कधीही बसवू नका. बर्फ रोखणारे अडसर लावायचे तर बाजूच्या पाख्यांवर, व्हॅलीच्या घळीत नाही.

सगळे छप्परच मेम्ब्रेनने झाकून टाकण्याचा मोह होतो. ते वाफही अडवते. खालचा माळा दमट असेल आणि हवा फिरत नसेल, तर ओल प्लायमध्येच कोंडली जाते. हवे तिथेच लावा.

तापणारी केबल

माळा सुधारूनही काही व्हॅली गोठतातच: उत्तरेकडच्या, सावलीतल्या, वरून मोठे छप्पर उतरणाऱ्या. तिथे तापमानानुसार स्वतःची शक्ती कमी-जास्त करणारी केबल उपयोगी पडते. ती व्हॅलीच्या लांबीच्या दोन तृतीयांशापर्यंत वर नेऊन परत खाली आणतात. ६ मीटरच्या व्हॅलीला ४ वर आणि ४ खाली मिळून ८ मीटर. पुढे ती पन्हळीतून उभ्या पाइपच्या तळापर्यंत न्यावीच लागते, नाहीतर वितळलेले पाणी पन्हळीत पुन्हा गोठते आणि पन्हळ वजनाने उखडते. मीटरला ३० वॅट धरले तर व्हॅलीतल्या भागाला २४० वॅट लागतात. गळती विद्युतप्रवाह तोडणारे संरक्षण हवेच. केबल तुमच्या छपराच्या साहित्यावर चालते का ते तपासा, क्लिपांनी धरा, व्हॅलीत खिळे मारू नका. बर्फ पडायला लागताच सुरू करा. ठाण मांडून बसलेला बर्फ वितळवणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

हिवाळ्यात बर्फ काढणे

लांब दांड्याचा बर्फ ओढायचा रेक घ्या आणि जमिनीवरूनच काम करा. वळचणीचा खालचा एक-सव्वा मीटर आणि व्हॅलीत जितके पोहोचेल तितके मोकळे करा. ५ ते ८ सेंटीमीटर थर तसाच सोडा, म्हणजे शिंगल खरवडल्या जाणार नाहीत. अर्धी व्हॅली साफ करून वर जाड ढीग ठेवला, तर नवा बांध त्या ढिगाच्या तोंडाशी होतो. म्हणून बाजूच्या पाख्यांवरचा बर्फही खाली घ्या. ओढताना त्याच्या खाली उभे राहू नका, आणि विजेच्या तारेजवळ धातूचा दांडा नेऊ नका.

बसलेला बर्फ घनमीटरला ३०० किलोपर्यंत जड होतो, म्हणजे व्हॅलीतला मीटरभर उंच ढीग चौरस मीटरला ३०० किलो भार देतो. दारे अचानक अडकू लागली, छत करकरू लागले किंवा भिंतीला नव्या चिरा दिसल्या, तर घर रिकामे करून तज्ज्ञाला बोलवा.

पाणी आत आलेच तर

छताचा रंग फुगून पाण्याचा फुगा दिसला, तर खाली बादली ठेवून बारीक छिद्र पाडा. फुगा आपोआप फुटला की छताचा मोठा तुकडा घेऊन पडतो. त्याआधी त्या भागातल्या दिव्यांचा वीजपुरवठा बंद करा. माळ्यात जाता येत असेल तर गळणाऱ्या जागेवर पंख्याने बाहेरची थंड हवा मारा. पाणी तिथेच गोठते आणि गळती तात्पुरती थांबते.

बाहेरून बांधाला वाट करायची तर लांब मोज्यात कॅल्शिअम क्लोराइड भरा आणि तो बांधावर आडवा न ठेवता उताराच्या दिशेने, टोक वळचणीबाहेर येईल असा ठेवा. त्याखाली बर्फात चर पडून मागचे पाणी निघते. साधे मीठ वापरू नका. ते उणे ९-१० अंशांखाली फारसे चालत नाही आणि पत्रा, खिळे व खालची झाडे खराब करते. कुऱ्हाड, हातोडा, गॅसची ज्योत यांपैकी काहीही छपरावर न्यायचे नाही. बांध मोठा असेल तर कमी दाबाची वाफ वापरणाऱ्या माणसाला बोलवा. उच्च दाबाचे गरम पाणी शिंगलचे कणच उडवून नेते.

बर्फ गेल्यावर ओले इन्सुलेशन काढून टाका, कोनवासा आणि प्लाय पूर्ण वाळू द्या, आणि डागांच्या कडा खडूने आखून तारीख लिहा. पुढच्या हिवाळ्यात डाग त्या रेषेबाहेर गेला का, हे नजर टाकताच कळेल.